मातीचा माग काढणारा माणूस: वॉल्टर लाउडरमिल्क



समपातळी बांध, सलग समतल चर, अनघड दगडी बांध, चराईबंदी, माथा ते पायथा उपचार हे शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. पाणलोटाचे काम आज सरकारी योजनेत बसते, ग्रामसभेत ठरते आणि त्याचे मोजमापही होते. पण उतारावरून माती का वाहते, ती कशी थांबते आणि थांबवली नाही तर पुढे काय होते, हे ज्यांनी देशोदेशी फिरून पडताळले त्यांची ओळख आपल्याला फारशी नाही. वॉल्टर क्ले लाउडरमिल्क हे त्यांतले एक मोठे नाव. ते अमेरिकी होते, पण त्यांच्या कामाची सुरुवात चीनमध्ये झाली, पुरावे त्यांनी भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतून गोळा केले आणि आयुष्यभर परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम केले. त्यांचे आयुष्य वाचताना तुमच्या शिवाराचा उतार आणि ओढा डोळ्यासमोर ठेवा.

जन्म, शिक्षण आणि पहिली नोकरी

लाउडरमिल्क यांचा जन्म १ जुलै १८८८ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला. पुढे कुटुंब पश्चिमेकडे सरकले आणि त्यांचे तरुणपण ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात गेले. पावसाची वाट पाहणारा प्रदेश कसा असतो, हे त्यांना लहानपणीच कळले. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडमधील ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांनी वनशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. त्याच काळात जर्मनीतील शिस्तीने राखलेली जंगलेही पाहिली. परत आल्यावर ते अमेरिकेच्या वनखात्यात लागले.

जंगल आणि जमीन या दोन्ही विषयांचे शिक्षण एकाच माणसाला मिळाले, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. जंगलवाला झाड पाहतो, शेतीवाला पीक पाहतो. दोघांच्या मधली माती आणि तिच्यावरून धावणारे पाणी पाहणारे त्या काळी थोडेच होते.

चीन: दुष्काळाचे मूळ शोधताना

१९२२ मध्ये त्यांचा विवाह आयनेझ मार्क्स यांच्याशी झाला. आयनेझ यांनी आधी चीनमध्ये काम केले होते. लग्नानंतर दोघे चीनला गेले आणि लाउडरमिल्क नानकिंग विद्यापीठात वनशास्त्र शिकवू लागले. उत्तर चीनमध्ये १९२०-२१ साली मोठा दुष्काळ पडून गेला होता. पूर आणि दुष्काळ पुन्हा पुन्हा का येतात आणि ते टाळता येतील का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

ते पिवळ्या नदीकाठी गेले. तिथे त्यांनी जे पाहिले ते डोक्यातून कधी गेले नाही. नदी सपाट मुलखातून वाहत होती, पण आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून. शतकानुशतके नदी गाळ आणत होती. तळ भरत गेला की लोक काठचे बांध उंच करत, तळ पुन्हा भरे आणि बांध पुन्हा उंच होत. बांध फुटला की सारा मुलूख पाण्याखाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तर नदीने पात्रच बदलले आणि तिचे मुख शेकडो किलोमीटर उत्तरेला सरकले.

बांध उंच करणे हा रोगावरचा इलाज नाही, हे त्यांच्या लक्षात आले. गाळ येतो कुठून, हे पाहायला ते नदीच्या वरच्या अंगाला, शान्सी प्रांतात गेले. तिथे वाऱ्याने आणलेल्या बारीक पिवळसर मातीचे जाड थर आहेत. त्यांना लोएस म्हणतात. ही माती सुपीक आणि भुसभुशीत असते, पण उघडी पडली की पाण्यात साखरेसारखी विरघळल्यागत वाहते. डोंगर बोडके झाले होते, उतार नांगरले होते आणि घळी इतक्या खोल गेल्या होत्या की माथ्यावरून तळातला माणूस मुंगीएवढा दिसावा.

देवळाभोवतीचे रान

याच बोडक्या डोंगरांत त्यांना अधूनमधून हिरवे ठिपके दिसले. ती देवळांभोवती राखलेली राने होती. माती तीच, पाऊस तोच आणि उतारही तोच. फरक एवढाच की तिथे कुऱ्हाड, नांगर आणि शेळ्या शिरल्या नव्हत्या. त्या रानात पालापाचोळ्याचा थर होता, माती जागेवर होती आणि झरे वाहत होते.

आपल्याकडच्या देवराया आठवा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात अनेक गावांची देवराई हेच सांगत उभी असते. लाउडरमिल्क यांना ती जणू निसर्गाने आधीच मांडून ठेवलेली तुलनाच मिळाली. त्या काळी अनेक जाणकार मानत की हवामान कोरडे होत गेल्याने हे प्रदेश उजाड झाले. पण हवामान कोरडे झाले असते तर देवळाचे रान कसे टिकले असते?

तर्कावर न थांबता त्यांनी मोजमाप केले. शान्सी आणि शांडोंग प्रांतांत राखलेल्या रानात आणि उघड्या उतारावर त्यांनी छोटे प्लॉट आखले. प्रत्येक पावसानंतर किती पाणी वाहिले आणि किती माती गेली हे मोजले. या कामात त्यांचे चिनी सहकारी आणि विद्यार्थी बरोबरीने होते. त्यांतले रेन चेंगतुंग पुढे चीनमधील मृदसंधारणाचे जाणते तज्ज्ञ झाले. उघड्या उतारावरून पाणीही जास्त जात होते आणि मातीही. हे निष्कर्ष १९२६ मध्ये टोकियोच्या पॅसिफिक विज्ञान परिषदेपुढे मांडले गेले. म्हणजे चीनच्या डोंगरातले काम जपानमध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांसमोर गेले.

मार्च १९२७ मध्ये नानकिंग शहरात यादवी युद्धाची झळ पोहोचली. परदेशी लोकांना शहर सोडावे लागले आणि लाउडरमिल्क कुटुंबही तिथून निघाले. काम अर्धवट राहिले, पण प्रश्न त्यांच्याबरोबर आला.

गढूळ पाण्याचा प्रयोग

कॅलिफोर्नियाला परतल्यावर त्यांनी बर्कली येथील विद्यापीठातून १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तिथला त्यांचा प्रयोग प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावा असा आहे.

तोपर्यंत समज असा होता की जंगलातला पालापाचोळा स्पंजासारखा पाणी शोषतो, म्हणून तिथून पाणी कमी वाहते. लाउडरमिल्क यांनी मातीच्या पेट्या घेतल्या. काहींवर पालापाचोळा ठेवला, काहींवरचा काढून टाकला आणि सगळ्यांवर पाऊस पाडला. पाचोळ्याने स्वतः शोषलेले पाणी तुलनेने थोडेच होते. खरा फरक पाणी जमिनीत मुरण्यात होता. मग त्यांनी मातीतून एकदा स्वच्छ आणि एकदा गढूळ पाणी मुरवून पाहिले. स्वच्छ पाणी सहज मुरत राहिले. गढूळ पाणी सोडल्यावर मात्र थोड्याच वेळात मुरण्याचा वेग फार खाली आला.

कारण सोपे आहे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो आणि ढेकळे फोडतो. बारीक कण पाण्यात मिसळतात. हे गढूळ पाणी मुरू लागले की ते कण मातीची सूक्ष्म छिद्रे बुजवतात. वर पातळ पापुद्रा बसतो. आता पाणी मुरत नाही, वाहते, आणि वाहताना आणखी माती नेते. पालापाचोळा थेंबाचा मार झेलतो, पाणी स्वच्छ ठेवतो आणि छिद्रे उघडी ठेवतो.

तुमच्या शेतात पहिल्या जोरदार पावसानंतर वरच्या थराची जी पपडी धरते, ती हीच. ऊस तुटल्यावर पाचट न जाळता शेतात ठेवा, असे आपण का सांगतो, याचे एक कारण या प्रयोगात आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. हे प्रात्यक्षिक गावात सहज दाखवता येते:

• दोन सारख्या प्लास्टिक बाटल्या घ्या. बुडाला भोके पाडून आत कापड लावा.
• दोन्हींत एकाच शेतातली माती सारख्या उंचीपर्यंत भरा.
• एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत तेवढेच गढूळ पाणी हळूहळू ओता. असे चार-पाच वेळा करा.
• प्रत्येक वेळी खालून किती पाणी किती वेळात येते ते लोकांनाच मोजू द्या.

धुळीची वादळे आणि बेनेट यांची साथ

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानांवर धुळीची वादळे उठली. गवताळ कुरणे नांगरून गहू पेरला होता. दुष्काळ आला, पीक गेले आणि उघडी माती आकाशात गेली. १९३३ मध्ये सरकारने मृदधूप रोखण्यासाठी नवा विभाग काढला. त्याचे प्रमुख ह्यू हॅमंड बेनेट होते आणि लाउडरमिल्क त्यांचे जवळचे सहकारी झाले. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला आणि हा विभाग कृषिखात्याचा कायम भाग बनला. बेनेट लोकांना आणि लोकप्रतिनिधींना जागे करत, तर लाउडरमिल्क संशोधनाची बाजू सांभाळत.

आपल्याकडेही याच काळात हालचाल सुरू होती. १९३० च्या दशकात सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू होते आणि १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. पुढची बांधबंदिस्ती त्याच वाटेने आली.

भग्न शहरांतून मोटारीने प्रवास

१९३८-३९ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने त्यांना एक वेगळे काम दिले. जिथे शेती हजारो वर्षे जुनी आहे त्या देशांत जाऊन जमिनीचे काय झाले ते पाहायचे. ते कुटुंबासह मोटारीने निघाले. युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातून हजारो मैल फिरले. प्रत्येक देशात तिथले शेती अधिकारी, वनाधिकारी आणि पुरातत्त्वज्ञ त्यांच्याबरोबर असत. दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने प्रवास आवरता घ्यावा लागला.

त्यांनी पाहिलेल्या काही जागा:

उत्तर सीरिया. अलेप्पो आणि अँटिऑक यांच्या आसपास शेकडो ओसाड दगडी गावे आहेत. घरे उभी आहेत, पण त्यांचे उंबरठे उघड्या खडकाच्या तीन ते सहा फूट वर आहेत. पायाखालची तेवढी माती वाहून गेली. घर राहिले, शेत गेले आणि मग माणूसही गेला.

इराक. टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या जुन्या कालव्यांकडेला गाळाचे ढीग टेकड्यांसारखे पडले होते. पिढ्यान्‌पिढ्या लोक गाळ उपसत राहिले. लढाया आणि अंदाधुंदीत उपसा थांबला की कालवे बंद पडत आणि शेती संपे. जमिनीत मीठ साठण्याचा त्रासही तिथे जुना. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ट्युनिशिया. एल जेम येथे उजाड माळावर रोमन काळातील प्रचंड प्रेक्षागार उभे आहे. हजारो माणसे बसतील एवढे बांधकाम जिथे झाले, तिथे एके काळी तेवढ्यांना पोसणारी शेती असलीच पाहिजे. त्याच देशात रोमन काळातील तेलघाण्यांचे अवशेष पाहून पुन्हा ऑलिव्हच्या बागा लावल्या गेल्या आणि त्या जगल्या. हवामान पूर्ण बिघडले असते तर हे जमले नसते.

लेबनॉन. देवदाराची मोठी जंगले तोडून संपली होती. थोड्या राया उरल्या होत्या. त्यांतली एक चर्चच्या आश्रयाने टिकली. १८७६ मध्ये तिच्याभोवती दगडी भिंत झाली आणि शेळ्या बाहेर राहिल्या. पुढे आत नवी रोपे आपोआप उगवून वाढली. याच देशात शेतकऱ्यांनी तीव्र उतारावर दगडी ताली रचून माती धरून ठेवलेलीही त्यांनी पाहिली. एकेका तालीमागे इतके श्रम होते की त्यांची मजुरी काढली तर जमिनीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त भरली असती. तरीही त्यांनी ते केले, कारण दुसरी जमीन नव्हती.

फ्रान्स. नैर्ऋत्येच्या लांद प्रदेशात समुद्राकडून सरकणारी वाळू शेते गिळत होती. गवत आणि पाइन लावून ती बांधली गेली. बिघडलेली जमीन परत आणता येते, याचा हा पुरावा त्यांना फार महत्त्वाचा वाटला.

जून १९३९ मध्ये जेरुसलेमच्या नभोवाणीवरून त्यांनी भाषण केले. बायबलमध्ये दहा आज्ञा आहेत. त्यांत जमिनीबद्दलची अकरावी आज्ञा जोडावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. तिचा आशय असा की जमीन आपल्या मालकीची नसून पुढच्या पिढ्यांसाठी सांभाळायला दिलेली ठेव आहे. या प्रवासावर त्यांनी लिहिलेली सात हजार वर्षांच्या जमिनीची कहाणी सांगणारी पुस्तिका १९५३ मध्ये अमेरिकी कृषिखात्याने छापली. पुढे तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या.

पुन्हा चीन आणि पुढे इतर देश

१९४२-४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, चीन सरकारच्या बोलावण्यावरून ते पुन्हा तिथे गेले. आता त्यांच्याबरोबर शिकलेल्या चिनी तज्ज्ञांची पिढी होती. रेन चेंगतुंग आणि इतरांना घेऊन ते वायव्येच्या लोएस मुलखात फिरले. गान्सू प्रांतातील तियानशुई येथे १९४२ मध्ये मृद व जलसंधारणाचे प्रयोग केंद्र सुरू झाले होते, तिथेही ते गेले. त्यांच्या कामाची रीत इथे नीट दिसते. ते शिफारशींचा कागद देऊन निघून जात नसत. स्थानिक माणसांना बरोबर घेऊन उतार चालायचा, मोजायचे, छोटे प्रयोग करायचे आणि काम त्यांच्याच हाती सोपवायचे.

१९४७ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावरही ते थांबले नाहीत. उत्तर आफ्रिकेत त्यांनी सल्ला दिला. १९५० च्या दशकात ते इस्राएलमध्ये राहिले आणि हैफा येथील टेक्निऑन संस्थेत कृषी अभियांत्रिकीचा विभाग उभा करण्यास हातभार लावला. जॉर्डन नदीच्या खोऱ्याच्या पाणी नियोजनाचा त्यांचा आराखडा १९४४ च्या पुस्तकात आला होता. त्याच्या राजकीय बाजूवर तेव्हाही वाद झाला आणि नंतरही होत राहिला. पाणी वाटायचे म्हटले की माणसे वाटली जातात, हे आपणही धरणांच्या प्रश्नात पाहतो.

६ मे १९७४ रोजी बर्कली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर: लोएस पठार परत कसे आले

विसाव्या शतकाच्या मध्याला पिवळी नदी वर्षाला सरासरी सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. आज तो त्याच्या लहानशा हिश्श्यावर आला आहे. यात धरणांचा वाटा आहे, पावसातील बदलाचा आहे आणि उतारावरच्या कामाचाही मोठा आहे. चीनच्या शेतकऱ्यांनी लाखो हेक्टर उतारावर पायऱ्या पाडल्या आणि घळींत गाळ अडवणारे बांध घातले. मागे साठलेल्या गाळावर सपाट शेते तयार झाली. १९९४ पासून चीन सरकारने जागतिक बँकेबरोबर लोएस पठाराच्या पुनरुज्जीवनाचे मोठे प्रकल्प राबवले. त्यांत तीव्र उतारावरची नांगरट बंद करणे आणि शेळ्यांची मोकाट चराई थांबवून त्यांना बांधून चारा देणे, यांवर भर होता.

हे एका माणसाचे काम नव्हे. पण मूळ मापे घेणाऱ्या आणि पहिली माणसे घडवणाऱ्यांत लाउडरमिल्क होते.

त्यांच्या मतांना नंतर काही दुरुस्त्याही झाल्या. जुनी राज्ये उजाड होण्याचा दोष त्यांनी शेळ्या आणि भटक्या पशुपालकांवर फार टाकला, असे पुढच्या अभ्यासकांना वाटते. लढाया, करवसुली, व्यापाराचे बदलते मार्ग आणि हवामानातील चढउतार यांचाही हात होता. लोएस मुलखात काही धूप माणसाआधीपासूनची, नैसर्गिकही आहे. तसेच कमी पावसाच्या भागात झाडे दाट लावल्यास तीच जमिनीतील ओल ओढून घेतात, हेही चीनमध्ये दिसून आले. म्हणून प्रत्येक ठिकाणी जंगलच हवे असे नाही. कुठे गवत पुरते, कुठे झुडूप आणि कुठे झाड.

तुमच्या शिवारासाठी

• आधी माथा पाहा. ओढ्यातला गाळ काढण्यापूर्वी तो कुठल्या उतारावरून येतो ते पावसात चालून शोधा. वरचा उपचार झाला नाही तर खालचा बंधारा काही पावसाळ्यांतच भरतो.
• माती उघडी ठेवू नका. काडीकचरा, पाचट, आच्छादन किंवा आंतरपीक यांपैकी काहीतरी थेंबाच्या आणि मातीच्या मध्ये असू द्या.
• उताराला आडवी मशागत आणि पेरणी करा. समपातळी रेषा ए आकाराच्या लाकडी चौकटीने आणि ओळंब्याने घरच्या घरी काढता येते.
• बांधाला सांडवा ठेवा आणि बांधावर गवत लावा. सांडव्याविना बांध फुटतो आणि एका पावसात घळ पडते.
• ओघळ लहान असतानाच अडवा. आज चार दगडांनी भागते, पाच वर्षांनी यंत्र आणावे लागते.
• चराईबंदी एकट्याने होत नाही. ज्यांची जनावरे आहेत त्यांच्या चाऱ्याची सोय आधी ठरवा, मगच कुरण राखा. नाहीतर बंदीचा भार भूमिहीन शेळीवाल्यावर पडतो.
• तुलनेसाठी एक तुकडा राखा. गावात देवराई असेल तर तिच्यातली आणि बाहेरची माती मुठीत घेऊन पाहा, मुलांनाही दाखवा.
• मोजा. पर्जन्यमापक, विहिरीची पातळी आणि बंधाऱ्यातला गाळ, एवढ्या तीन नोंदी दरवर्षी ठेवल्या तरी काम उपयोगी पडले की नाही हे कळते.

एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि ती जायला दोन-चार वादळी पाऊस पुरतात. येत्या मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन बांधावर जा आणि शेतातून बाहेर पडणारे पाणी काचेच्या ग्लासात धरून पाहा. ते गढूळ असेल तर यंदा पहिला उपचार तिथूनच सुरू करा.